तीन डावखुरे बास

हे सदर मी नेमाने वाचतो, आणि कशासाठी वाचतो तेही आधीच सांगून टाकतो – हसायला. दर वेळी तोच घाट, तोच पिंपळ, तीच पांढऱ्या साडीतली बाई... आणि खाली ‘बापरे, अंगावर काटा आला’ लिहिणारे चाळीस जण. यांच्या अंगावर काटा यायला इतकं कमी लागतं की मला त्यांच्या अंगाचीच काळजी वाटते. आता मीच इथे लिहायला बसलोय हे कळलं, तर माझ्या ओळखीचे लोक पोट धरून हसतील. हसा. मीही हसलो असतो.

माझं घर असल्या गोष्टी मानणाऱ्यांचं नाही. आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला आणि घरातले देव गाठोड्यात बांधून बाहेर काढले. देवांबरोबर भुतंही गेली, असं माझे वडील म्हणायचे. वडील भातकुली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. अमुक विहिरीवर काहीतरी ‘आहे’ असं एखादं पोरगं वर्गात बोललं, की दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग डबे घेऊन त्या विहिरीवर जेवायला. अशा माणसाचा मी मुलगा आहे, तेव्हा मला ‘सर, तुमच्या घरात पितृदोष असेल’ वगैरे सांगायला येऊ नका.

मी इलेक्ट्रिक बास गिटार बनवतो. हाताने, गिऱ्हाईक सांगेल त्या मापाने, एका वेळी एक. अमरावतीहून नांदगाव पेठेकडे निघालात की रहाटगावच्या पुढे ट्रॉल्यांचं वेल्डिंग करणारं एक दुकान लागतं, त्याच्या मागचं पत्र्याचं शेड माझं. बासला चार तारा असतात, आवाज खालचा, जाड. निम्म्या लोकांना तो ऐकू येतो पण कळत नाही. वाजायचा थांबला की मात्र गाण्यात काहीतरी कमी आहे म्हणून साउंडवाल्याला शिव्या घालतात. शेडवर आलेला प्रत्येक नवा माणूस मला विचारतो, "भाऊ, बाकीच्या दोन तारा तुटल्या का?" पूर्वी मी समजावून सांगायचो. आता ‘हो’ म्हणतो.

माझं शिक्षण आयटीआयचं, पॅटर्नमेकर. म्हणजे लोखंडाच्या ओतकामासाठी जे लाकडी नमुने लागतात ते बनवणारा. त्या कामात डावं-उजवं आणि सरळ-उलटं हेच सगळं असतं. एक बाजू चुकली की अख्खं ओतकाम भंगारात. दहा वर्षं ते केलं, नंतरची चौदा वर्षं बास. हे मोठेपणासाठी सांगत नाही. पुढचं वाचून ‘अहो, चुकलं असेल तुमचं’ म्हणणारे बरेच हुशार इथे आहेत, त्यांच्यासाठी सांगतोय.

माझ्यासोबत रज्जाकभाई असतात. पासष्टीचे आहेत, जन्मभर फर्निचरला पॉलिश केलं, आता माझ्या बासला करतात. सकाळी साडेदहाला येतात, पाचला जातात. कुठल्याही अडचणीवर त्यांचं निदान ठरलेलं – नजर. लाकडात खोबणी पाडायचं राउटर मशीन जळालं, नजर. पॉलिश पांढरं पडलं, नजर. मी म्हणतो, रज्जाकभाई, ही दमट हवा आहे. ते म्हणतात, "हवा तो रोज रहती भाऊ."

आणि गिऱ्हाइकं... ‘कस्टम’ हा शब्द शिकलेलं गिऱ्हाईक म्हणजे डोक्याला ताप. ज्याला वाजवता येतं तो येतो, दोन वाक्यांत सांगतो आणि जातो. ज्याला येत नाही त्याला स्पेसिफिकेशन फार असतात. एकाने मला पुण्याहून फोन करून विचारलं होतं, की लाकूड पौर्णिमेला कापलेलं मिळेल का. मी म्हणालो, मिळेल, अमावस्येचं पण आहे, कोणतं पाठवू?

वैभव त्याच माळेतला. अकोल्याचा, जठारपेठेत राहतो. वडिलांचं कृषी सेवा केंद्र, बार्शीटाकळीकडे शेती. वय चौतीस. मधे दोन वर्षं स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी अमरावतीत खोली घेऊन राहिला, म्हणजे खोली घेऊन बास वाजवला. लग्नाच्या, जयंतीच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा आणि उरलेला वेळ मोबाइलसमोर. त्याने मला मापं पाठवली ती अकरा पानांची पीडीएफ. अकरा! पाचव्या पानावर ‘टोन फिलॉसॉफी’ असा मथळा होता आणि खाली लिहिलं होतं, की लाकडाने माझ्याशी बोललं पाहिजे. मी उत्तर पाठवलं – लाकूड शिवणचं आहे, बोलत नाही.

त्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एका मोठ्या ऑर्केस्ट्राने त्याला कायमचा घेतला होता, दिवाळीनंतर दौरा सुरू होणार होता. वडिलांनी तेवढ्यापुरती मुदत दिली होती. जमलं तर जमलं, नाही तर बास माळ्यावर आणि हा दुकानात. हे त्याने मला स्वतः सांगितलं, हसत. पण सांगताना पीडीएफच्या प्रिंटची घडी घालत होता आणि उलगडत होता.

तो शेडवर आला श्रावणात, हाताचं माप द्यायला. माझी एक रीत आहे. गिऱ्हाइकाचा डावा पंजा खाकी कागदावर ठेवायचा आणि पेन्सिलने भोवती रेघ ओढायची. बास वाजवताना उजवा हात तारा छेडतो आणि डाव्या हाताची बोटं लांब नेकवर तारा दाबतात. म्हणून नेक किती जाड करायची ते डाव्या हातावरून ठरतं. डावखुऱ्या माणसाचं सगळं आरशातल्यासारखं उलटं. वैभव उजवा होता. कागदावर त्याच्या डाव्या पंजाची रेघ ओढली, नाव लिहिलं आणि कागद टेबलावरच्या भिंतीला खिळ्याने लावला.

मग म्हटलं, वाजवून दाखव. त्याने आधी मोबाइल उभा केला. अंगठ्याने तारांवर थपडा मारत, मान हलवत, स्वतःच्याच तोंडाकडे बघत दहा मिनिटं तो जे काही करत होता त्याला वाजवणं म्हणत नाहीत. मग मोबाइलची बॅटरी संपली. बिचारा हिरमुसला, आणि करायला दुसरं काही नाही म्हणून साधं वाजवत बसला. चार सुरांचा फेरा, पुन्हा पुन्हा. आणि ते चांगलं होतं. इतकं, की रज्जाकभाईंचा पॉलिशचा बोळा त्या ठेक्यावर चालायला लागला. मी पटाशीला धार लावत राहिलो. गिऱ्हाइकाचं कौतुक केलं की तो बारावं पान पाठवतो.

आता कामाचं थोडं समजून घ्या, एकदाच सांगतो. बासची बॉडी म्हणजे जाड फळी, वर दोन शिंगं – एक लांब, एक आखूड. नुसती कापून ठेवली तर ती ना उजव्याची ना डावखुऱ्याची. पालथी केली की झाली उलटी. तुम्ही ज्या बाजूने खोबणी पाडता – नेक बसवायला, तारांचा आवाज पकडणारे पिकअप बसवायला – ती तिची समोरची बाजू ठरते. चुकीच्या बाजूने पाडली की बास डावखुऱ्याचा, आणि मग त्यावर उपाय नाही. खोबणी पाडायला फळीवर एमडीएफचा साचा घट्ट बसवायचा आणि त्याच्या कडेने राउटर फिरवायचं. खोबणी झाली की मी आत त्या दिवसाची तारीख पेन्सिलने लिहितो. नंतर वर झाकण बसतं, ती कोणाला दिसत नाही.

पोळ्याच्या आठवड्यात मी वैभवची बॉडी घेतली. खोबणी पाडली, भुसा उडवला, तारीख टाकली, बॉडी भिंतीला उभी केली... लांब शिंग भलतीकडे. डावखुऱ्याचा बास! चौदा वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवशी वैभवच्या व्हॉइस मेसेजेसनी फोन सारखा गुरगुरत होता, सगळा राग त्याच्यावर काढला. स्वतःला चार शिव्या दिल्या, त्याला चौदा. लाकूड गेलं. रज्जाकभाई म्हणाले, नजर.

दुसरी बॉडी गणपतीत. या वेळी समोरच्या बाजूवर पेन्सिलने टपोरं ‘वर’ असं लिहिलं. ते वर ठेवलं, त्यावर साचा ठेवला, चार क्लॅम्प आवळले. साच्याखाली अक्षर झाकलं जातं, ते ठीकच आहे. खोबणी झाली, क्लॅम्प सोडले, साचा उचलला. खाली कोरं लाकूड. फळी उलटून पाहिली तर ‘वर’ मागच्या बाजूला! चार क्लॅम्पखाली फळी पालथी झाली होती.

आता तुम्ही जे म्हणताय तेच मी स्वतःला म्हणालो. वय झालं, लक्ष नाही, साचा ठेवण्याआधी सवयीने फळी उलटली असेल. मला दुसऱ्यांच्या मूर्खपणाची इतकी सवय आहे की स्वतःचा ओळखायला वेळ लागत नाही. वैभवला कळवलं, लाकूड अजून सुकून राहिलं. त्याने नमस्काराचे सहा हात पाठवले आणि नेकवरच्या बाराव्या पट्टीपाशी, म्हणजे फ्रेटपाशी, आपल्या चॅनेलचा लोगो शिंपल्यात बसवून मिळेल का म्हणून विचारलं.

तिसरी नवरात्रात, सकाळी अकरा वाजता, भर उजेडात. ‘वर’ लाल मार्करने लिहिलं. रज्जाकभाईंना त्यांचं काम सोडून समोर स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, नुसतं पाहत राहा. त्यांनी त्यांच्या मोबाइलवर फोटो काढला. टेबलावर फळी, लाल ‘वर’, लांब शिंग जिथे हवं तिथे. ‘कॅमेऱ्यात चित्र उलटं दिसतं’ म्हणणाऱ्यांनी दम धरा – फोटोतलं अक्षर सरळ वाचता येतं. मग साचा ठेवला आणि या वेळी क्लॅम्प नाही, साच्यातून चार स्क्रू सरळ फळीत उतरवले. मधे मी चहाला गेलो नाही, फोन घेतला नाही, लघवीलाही उठलो नाही. काम संपलं. स्क्रू काढले, साचा उचलला.

कोरं लाकूड, आणि त्यात माझ्या चार स्क्रूंची भोकं. लाल ‘वर’ खालच्या बाजूला, टेबलाकडे तोंड करून.

मी रज्जाकभाईंकडे पाहिलं. ते नजरसुद्धा म्हणाले नाहीत. त्यांनी मोबाइल काढला, फोटो पाहिला, मग फळीकडे पाहिलं आणि उठून बाहेरच्या नळावर हात धुवायला गेले. हात धुण्यासारखं त्यांनी काही केलं नव्हतं. मी तारीख टाकली, कारण तारीख टाकायची सवय, आणि तिसरी बॉडीही पहिल्या दोघींशेजारी टांगली. तेव्हा मला भीती वाटली नाही. खोटं कशाला सांगू, मला अपमान झाल्यासारखं वाटलं.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला शेड बंद होतं. त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी वैभवच्या नंबरवरून फोन आला. मी उचलताच म्हणालो, "बा वैभव, लाकूड सुकलं का लगेच सांगतो, जीव नको खाऊ." पलीकडून बाईचा आवाज आला.

"मी पल्लवी बोलते, त्यांची मिसेस. बास करू नका जी आता. त्यायचा हात गेला मशीनमंदी."

सोयाबीनची मळणी चालू होती. हा शेतात गेला होता. उजव्या हातात मोबाइल धरून व्हिडिओ काढत होता आणि अडकलेला गुंता डाव्या हाताने मळणीयंत्रात लोटत होता. डाव्या हाताची तीन बोटं मुळापासून गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगतो, कारण इथे सगळे आपण फार भले असल्यासारखं लिहितात. माझ्या मनात आलं – ‘काढ अजून रील.’ खरंच आलं. मग मी फोन ठेवला, वर पाहिलं, आणि भिंतीवरचे तीन डावखुरे बास पाहिले. कळायला किती वेळ लागला सांगता येत नाही. डाव्या हाताला बोटं नसतील तर तारा दाबता येत नाहीत. पण छेडता येतात, नुसत्या अंगठ्यानेही येतात. आणि तारा दाबायचं काम उजव्या हाताने शिकायचं. त्यासाठी बास उलटा लागतो, डावखुऱ्याचा. बाजारात असा मिळायची मारामार. माझ्या भिंतीवर तीन होते.

मी अकोल्याला फोन केला नाही. दोन आठवडे. काय सांगणार होतो? ‘ताई, रडू नका, मी ऑगस्टपासूनच करून ठेवलाय’?

पल्लवीच आली. शनिवारी सकाळची शाळा करून, अकोल्याहून एसटीने, एकटी. ती तिकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वैभवने मला जुन्या पिकअपची एक जोडी नमुन्यासाठी दिली होती, ती न्यायला आली होती.

"ते म्हणतात, इकून टाक सगळं," ती म्हणाली. "मामंजी म्हणतात बरं झालं, आता तरी दुकानात बसन. बरं झालं म्हणतात जी! पोराच्या हाताले बोटं नाईत अन् हे बरं झालं म्हणतात."

"अन् वैभव?"

"भिंतीकडे तोंड करून निजून राहते. गाणं लावू देत नाई घरात. लेकीनं मोबाइलवर गाणं लावलं तं मोबाइल फेकला त्यायनं." ती बोलता बोलता थांबली. तिची नजर भिंतीवर गेली होती. वाजवता येत नसलं तरी नऊ वर्षं घरात बास बघितलेली बाई. "हे उलटे काहून हायेत?"

ती उठली, जवळ गेली, आणि खोबणीतली तारीख वाचली. मग दुसरी. मग तिसरी.

"हे तं आधीच्या तारखा हायेत."

"हो."

"तुमाले कसं समजलं?"

"मले काई समजलं नाई ताई. मी चुकलो. तीन वेळा चुकलो. मी उजवाच करत होतो, तो असा होऊन राहिला. याच्याहून जास्त मले मालूम नाई."

मला वाटलं ती किंचाळेल, किंवा मला मांत्रिक ठरवेल, किंवा – जे मला सगळ्यात असह्य झालं असतं – हात जोडेल. तिने यातलं काही केलं नाही. ओढणीने डोळे पुसले आणि मास्तरणीच्या आवाजात विचारलं, "याच्यावर त्यायले वाजवता येईन का?"

"पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागन. दोन महिने रडकुंडीले येईन. पण येईन."

"मंग करा पुरा." दाराशी जाऊन ती परत वळली. "एक करजा. आतली तारीख पुसून टाका. त्यायले वाटलं पाह्यजे, का हात गेल्यावर कोनीतरी मुद्दाम त्यायच्यासाठी बसून बनवला. ते आधीचं समजलं, तं ते म्हनतीन माह्या नशिबातच लिवलं होतं. मंग ते उठनारच नाईत."

मी रंधा मारणारा माणूस, मला असली हुशारी सुचली नसती. तिसरी बॉडी घेतली. नेक तयारच होती, दोन्हीकडे दोन-दोन खुंट्यांची, ती कुठल्याही हाताला चालते. फक्त बोटांना जागा दाखवणारे कडेचे ठिपके दुसऱ्या कडेला बसवले. आधी उजव्या पंजाचं माप कुठून आणू म्हणून अडलो. मग कळलं की डाव्याचा कागदच पालथा केला की काम भागतं. तारीख मी स्वतः सँडपेपरने घासली. रज्जाकभाईंनी पॉलिशला सहा दिवस घेतले. एरवी तीन घेतात.

दिवाळी संपल्यावर मी बास घेऊन अकोल्याला गेलो. तोपर्यंत ऑर्केस्ट्राने दुसरा माणूस घेतला होता. वैभवचे वडील दारातच म्हणाले, "काहून आनला बाप्पा? बुजलेलं काहून उकरून राहिले तुमी?" मी बास सांभाळत त्यांच्या बाजूने आत शिरलो. अशा बापांना उत्तर देऊन उपयोग नसतो, त्यांना वळसा घालून जावं लागतं.

वैभव पलंगावर बसला होता. हाताला पट्टी, दाढी वाढलेली, नजर माझ्यावर नाही. मी पिशवीची चेन उघडली आणि बास त्याच्या पुढ्यात ठेवला. त्याने पाहिलं. एकदम उसळला.

"कीव करून राहिले का माही? न्या वापस! लंगड्याले काठी आनून दिल्यावानी..."

"कीव मी माह्या बापाची नाई केली," मी म्हणालो. "तुह्या अकरा पानांपैकी दहा पानं पाळली आहेत. लोगो टाकला नाई, कारण लोगो भिकार होता. पट्टा गळ्यात घाल, वजन बरोबर बसलं का थे पाहू दे. मले सहाची गाडी हाये."

मी शिवी दिल्यासारखा तो बघत राहिला. मग पल्लवीने पट्टा त्याच्या खांद्यावर चढवला, आणि त्याने तिला चढवू दिला. बास त्याच्या अंगावर बसायला हवा तसा बसला. लांब शिंग योग्य जागी, पट्टीतला हात अलगद तारांवर. उजव्या हाताने त्याने एक तार दाबली. बोटं नवशिक्यासारखी चाचपडली, सूर फाटला. दुसऱ्यांदा फाटला. तिसऱ्यांदा अंगठ्याने छेडला तो नीट वाजला. तो थांबला. पुन्हा तोच सूर. पुन्हा. तोच एक सूर, न चुकता, एका चालीत, पाचेक मिनिटं. त्या खोलीत कोणी हललं नाही. वडील दारात होते, तेही नाही.

मग तो ढसाढसा रडला. मला म्हणाला, "दादा, एका महिन्यात माह्यासाठी इतकं बनवलं तुमी? मी तुमाले इतका तरास देऊनसनी?"

पल्लवी माझ्याकडे बघत होती. मी ‘हं’ म्हणालो. आयुष्यात इतकं मोठं खोटं इतक्या लहान शब्दात मी बोललो नव्हतो.

आज त्याला आठ महिने झाले. एप्रिलमध्ये जयंतीच्या एका कार्यक्रमात त्याने मागच्या रांगेत उभं राहून चार गाणी वाजवली. चारच, पण वाजवली. दुकानातही बसतो, पण सकाळीच. चॅनेलवर त्याने माझ्यावर एक व्हिडिओ केला, ‘देवमाणूस’ वगैरे. माझ्याकडे डोळे पुसत नवी गिऱ्हाइकं येतात आणि माझा हात हातात घेतात. मी हात सोडवून घेतो आणि रंधा उचलतो.

म्हणून हे लिहितोय. पल्लवीने हे नाव-गाव बदलून लिहायची परवानगी दिली आहे, आणि वैभव हे सदर वाचत नाही, तेवढी अक्कल त्याला आहे. पण एक गोष्ट मी पल्लवीला सांगितलेली नाही, आणि वरही मुद्दाम लिहिली नाही.

पोळ्याच्या त्या आठवड्यात, ज्या दिवशी पहिली बॉडी उलटी झाली त्याच दिवशी, वैभवने मापांत सातवा बदल पाठवला होता. तो ऐकून माझं डोकं फिरलं. टेबलावरच्या भिंतीला त्याच्या डाव्या पंजाचा खाकी कागद होता. पटाशीच्या मुठीने मी त्या कागदावर ठोकलं आणि रज्जाकभाईंना म्हणालो, "ही बोटंच छाटून टाकली पाह्यजे याची. मेसेज पाठवनं तं बंद होईन." रज्जाकभाई म्हणाले होते, "ऐसा नहीं बोलते भाऊ." मी हसलो होतो.

प्रश्न इतकाच आहे, की हे मी खोबणी पाडण्याआधी बोललो की नंतर. तारीख एकच आहे. फोनमध्ये मेसेजची वेळ सकाळची आहे, पण त्याचे मेसेज मी आल्या आल्या कधीच ऐकत नसे, कधी जेवताना, कधी संध्याकाळी. मला आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला, खरंच आठवत नाही. खोबणी आधी पडली असेल, तर जे काही घडणार होतं ते माझ्या तोंडातून काही निघण्याआधीच ठरलेलं होतं, आणि मी फक्त एक तोंडाळ माणूस आहे. तसं असेल तर माझी काही तक्रार नाही. पण आधी बोललो असेन, तर... वडिलांनी शिकवलेलं सगळं मला पाठ आहे. शब्दाने बोटं तुटत नाहीत. माहीत आहे. तशी शिवणची फळी चार स्क्रूंखाली पालथीही होत नाही.

रज्जाकभाईंना आठवत असणार. त्यांना पंधरा वर्षांपूर्वी कोणत्या दिवाणाला कोणतं पॉलिश मारलं ते आठवतं. ते रोज साडेदहाला येतात, माझ्यासमोर चार हातांवर बसतात. त्या दिवसाबद्दल ते एक शब्द बोललेले नाहीत, आणि मीही विचारलेलं नाही. गेल्या सोमवारी मी विचारायचं ठरवूनच बसलो होतो. ‘रज्जाकभाई’ अशी हाक मारली. त्यांनी बोळा बाजूला ठेवला, चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं, जणू कधीपासून वाट बघत होते.

मी विचारलं, चहा घेता का.